वस्तीच्या कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: हाक पोचते, घोंगडं भिजतच राहतं

रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, पाण्याचा दाब कमी झालाय, मोकळ्या जागेचं काय करायचं ते ठरत नाही. अशा कामांसाठी रहिवाशांचं मंडळ उभं राहिलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणतं, "ग्रुप काढूया." हे परीक्षण त्या ग्रुपचं आहे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप आणि कम्युनिटी या दोन सोयींचं. घरच्यांशी बोलायला किंवा धंद्याला त्या कशा आहेत हा इथला प्रश्न नाही. एकमेकांना न ओळखणारे शेजारी एकमेकांच्या उपयोगी पडू लागतात का आणि त्यातून सार्वजनिक काम पुढे सरकतं का, एवढंच तपासायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. हाक पोचवायला इतकं सोपं साधन दुसरं नाही. निर्णय घ्यायला, नोंद ठेवायला आणि आपल्या गोतावळ्याबाहेरच्या माणसाशी जोडून द्यायला मात्र ते कच्चं आहे. मांडणी नीट केली तर यातला निम्मा कच्चेपणा झाकता येतो. उरलेल्यासाठी अ‍ॅपबाहेरच हातपाय हलवावे लागतात.

आधी मोजपट्टी. 'सामाजिक भांडवल' हा शब्द कानाला जड लागतो, पण त्यात तीनच गोष्टी आहेत: ओळखी, त्या ओळखींतून आलेला विश्वास आणि एकमेकांची परतफेड करायची सवय. एल. जे. हॅनिफन या अमेरिकन शिक्षणाधिकाऱ्यानं १९१६ मध्ये ग्रामीण शाळांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. पुढे राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांच्या लेखनामुळे त्यातला एक भेद रूढ झाला. एक भांडवल बांधणारं, म्हणजे आपल्यासारख्यांना घट्ट धरून ठेवणारं. दुसरं जोडणारं, म्हणजे वेगळ्या गटातल्यांपर्यंत नेणारं. आजारपणात रात्री दार ठोठवायला पहिलं लागतं. नगरपालिकेतला कोणता विभाग नेमकं काय करतो हे सांगणारा माणूस शोधायला दुसरं.

हे दुसरं भांडवल पातळ ओळखींतून येतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेले आकडे अजून विचार करायला लावतात. ओळखीच्या माणसाकडून नोकरीची माहिती मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की त्या काळात ती व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? 'वारंवार' म्हणणारे १६.७ टक्के निघाले, 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं, म्हणून हे असं. तेव्हा ग्रुप बघताना पहिला प्रश्न हा विचारावा, की यात अधूनमधूनवाली माणसं टिकतात की फक्त रोजचीच बोलतात?

ऑनलाइन साधनानं शेजार वाढतो याला चांगला पुरावा आहे. टोरंटोजवळच्या एका नव्या उपनगरात १९९०च्या दशकाच्या शेवटी कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन या समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तिथल्या १०९ घरांपैकी ६४ घरांना जलद इंटरनेट आणि सगळ्या वस्तीला एकदम ईमेल करायची सामाईक सोय मिळाली होती, बाकीच्यांना नव्हती. जोडलेल्या घरांतल्या माणसांना सरासरी २५ शेजाऱ्यांची नावं माहीत होती, न जोडलेल्यांना ८. त्याच सोयीतून त्यांनी बांधकाम कंपनीविरुद्ध एकत्र तक्रारीही मांडल्या. पण त्या यादीत फक्त त्या वस्तीतली माणसं होती आणि विषयही वस्तीचेच होते, हे विसरून चालत नाही. आपल्या ग्रुपमध्ये गाव सोडून गेलेले, मेहुणे आणि विमा एजंट शिरले की ही तुलना तिथेच संपते.

आता गुणांकडे वळू. व्हॉट्सअ‍ॅप बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतं, त्यामुळे नवीन काही शिकवावं लागत नाही. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. नोव्हेंबर २०२२ पासून सर्वत्र आलेल्या कम्युनिटीत अनेक ग्रुप एका छत्राखाली येतात आणि सगळ्यांसाठी एक घोषणा ग्रुप मिळतो, जिथे नवा मेसेज फक्त अ‍ॅडमिनच टाकू शकतो. त्याच वर्षी आलेल्या इमोजी प्रतिक्रियांनी 'वाचलं' हे सांगायची आवाज न करणारी रीत दिली. हे क्षुल्लक वाटेल, पण दोनशे 'ओके' ज्यांनी सहन केलेत त्यांना विचारा. गुपचूप बाहेर पडता येतं, म्हणजे फक्त अ‍ॅडमिनला कळतं. त्यामुळे रुसवेफुगवे कमी होतात. संभाषण दोन्ही टोकांना कूटबद्ध असतं, म्हणजे ग्रुपबाहेरच्या कोणाला, कंपनीलाही, ते वाचता येत नाही. तरी हजार माणसांत गेलेली गोष्ट गुप्त राहील या भ्रमात राहू नये. स्क्रीनशॉटपुढे कूटबद्धतेचं काही चालत नाही.

दोष मात्र मुळातले आहेत, कारण हे साधन गप्पांसाठी घडवलंय, संस्थेसाठी नाही.

साध्या ग्रुपमध्ये ज्यानं ग्रुप काढला त्याला अ‍ॅडमिनपदावरून काढता येत नाही, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत. म्हणजे सभेनं सचिव बदलला तरी ग्रुपवर जुनाच बसलेला. उलट, एकटाच अ‍ॅडमिन असेल आणि तो निघून गेला तर अ‍ॅप कोणातरी सभासदाला परस्पर अ‍ॅडमिन करतं. निवडणूक नाही, संमती नाही. बारभाईचा कारभारही यापेक्षा बरा. दुसरं, एक ग्रुप एका वेळी एकाच कम्युनिटीत राहू शकतो. झाडं लावणारा गट दोन शेजारच्या वस्त्यांचा मिळून असेल तर तो या छत्राखाली की त्या, हे निवडावं लागतं. जोडणाऱ्या भांडवलाला नेमकी इथेच अडचण येते. तिसरं, बाहेरच्याला ग्रुप अ‍ॅपमध्ये शोधून सापडत नाही, त्याला कोणीतरी लिंक द्यावी लागते. ज्याला आधीच कोणी ओळखत नाही, असा नवा भाडेकरू दाराबाहेरच राहतो. खरं तर त्यालाच या सगळ्याची जास्त गरज असते.

मांडणी कशी करावी, ते जरा सविस्तर.

सगळ्यांचा एकच मोठा ग्रुप करू नका. घोषणा ग्रुपमध्ये दिवसाला एक मेसेज, तोही ठरलेल्या वेळी. अपवाद फक्त आग, पूर, पाणी बंद यांचा. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात २००६ पासून चालणाऱ्या फ्रंट पोर्च फोरम या ऑनलाइन शेजारसेवेनं हा संथपणा मुद्दाम जपलाय. लोकांनी पाठवलेले मजकूर आधी कर्मचारी पाहतात आणि मग ते गठ्ठ्यानं एकदम पाठवले जातात. भांडण पेटायला लागणारा वेगच तिथे मिळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अशी सोय नाही, पण घोषणेची वेळ बांधून घेतली तर निम्मा परिणाम साधतो.

घोषणेखाली गल्लीवार छोटे ग्रुप करा. चाळीस ते साठ घरं पुष्कळ झाली. चेहरा आठवेल इतपतच संख्या असावी. पण फक्त गल्लीवार ग्रुप करून थांबलात तर जुन्याच कंपूंना नवी नावं मिळतात, बाकी काही बदलत नाही. म्हणून गल्ल्यांना आडवे छेद देणारे कामाचे ग्रुप हवेत: दिवे, पाणी, कचरा, झाडं. प्रत्येकात प्रत्येक गल्लीतले किमान दोघे. एकटा माणूस परका वाटून गप्प बसतो, दोघे असले की बोलतात. दोन गल्ल्यांतल्या माणसांना एकच फ्यूज बॉक्स उघडायला लावला की ओळख होते. 'आपली ओळख करून द्या' असा मेसेज टाकून होत नाही. आणि एक गप्पांचा ग्रुप ठेवाच. शुभेच्छा, विनोद, हरवलेलं मांजर सगळं तिथे. तो नसला तर हेच सगळं पाण्याच्या ग्रुपवर येतं.

परवानग्यांमध्ये ग्रुपची माहिती बदलणं आणि नवे सभासद जोडणं अ‍ॅडमिनपुरतं ठेवा, नव्यांना मंजुरी लागेल अशी सोय चालू करा. क्यूआर कोड सूचनाफलकावर लावा, पण लिंक मधूनमधून रद्द करून नवी काढा. फेसबुक ग्रुपमध्ये शिरू पाहणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात, इथे ती सोय नाही. तेव्हा घर कोणतं, हे खासगीत विचारण्याचं काम एका अ‍ॅडमिनकडे नेमून द्या. अ‍ॅडमिन किमान तीन असावेत, तेही तीन वेगळ्या गल्ल्यांतले.

फोन नंबरचा मुद्दा बहुतेक मंडळं गिळून टाकतात. छोट्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. घोषणा ग्रुपमध्ये तो इतर सभासदांपासून झाकलेला असतो. म्हणून निमंत्रण देतानाच स्पष्ट लिहा, की फक्त घोषणा हव्या असतील तर तेवढ्यापुरतं राहता येईल. एकट्या राहणाऱ्या बायका आणि ज्यांना कोणाचा त्रास झालेला आहे अशी माणसं केवळ या एका कारणानं बाहेर राहतात, आणि कारणही सांगत नाहीत.

नियम पाचच ओळींचे असावेत आणि ते मोडल्यावर काय होईल तेही त्यातच लिहावं. पहिल्यांदा खासगीत सूचना, दुसऱ्यांदा ग्रुपवर, तिसऱ्यांदा पंधरा दिवस बाहेर. सामाईक जंगलं, पाणी, मासेमारी यांचं व्यवस्थापन लोक स्वतः कसं टिकवतात हे अभ्यासणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जी तत्त्वं नोंदवली, त्यात पायरीपायरीनं वाढणारी शिक्षा हे एक होतं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पहिल्याच चुकीला हाकलून दिलेला माणूस गल्लीत रोज समोर येतो, हे अ‍ॅडमिननं ध्यानात ठेवायचं असतं.

आता मेसेज. 'उद्या सफाईला कोणीतरी या' हा मेसेज कोणालाच उद्देशून नसतो. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेल्या प्रयोगात इंटरकॉमवर एकाला अपस्माराचा झटका येतोय असं ऐकू येत असे. ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के त्या व्यक्तीचं बोलणं तुटायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलेल्यांपैकी फक्त ३१ टक्के. पाचशे जणांच्या ग्रुपमध्ये काय होत असेल ते ताडा. म्हणून मेसेजमध्ये काम, जागा, वेळ, माणसं किती हवीत आणि कोणाला कळवायचं हे पाचही असावं. 'शनिवारी सकाळी ७ ते ८, उद्यानाच्या फाटकाशी, चार माणसं हवीत, दोन मिळाली आहेत.' आकडा उतरत गेला की लोक येतात. त्यानंतर दोघातिघांना नावानिशी वेगळा मेसेज करा किंवा सरळ फोन लावा. अंगठ्याच्या इमोजीला होकार समजू नका. त्याचा अर्थ 'चांगलं काम करताय' एवढाच असतो, 'मी येतो' असा क्वचितच.

पोलची सोय मोहक आहे आणि म्हणून धोक्याची. बारा पर्यंत पर्याय देता येतात. पण कोणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं आणि दिलेलं मत मागाहून बदलताही येतं. बैठकीची वेळ ठरवायला हे उत्तम. पदाधिकारी निवडायला किंवा मोकळ्या जागेचा वाद मिटवायला अजिबात नको, कारण पहिली दहा मतं पाहून बाकीचे वाऱ्याची दिशा धरतात आणि भाडेकरू घरमालकाविरुद्ध बोट दाखवत नाही. शिवाय एका घरातले चार फोन म्हणजे चार मतं. कोरम किती, एका घराला मत किती, हे सभेत ठरवा आणि मतदानही तिथेच घ्या. ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी चिठ्ठी.

नोंदीच्या बाबतीत अ‍ॅप निराशा करतं. नव्या सभासदाला आधीचं संभाषण आपोआप दिसत नाही, त्यामुळे तोच प्रश्न महिन्यातून तीनदा येतो आणि जुने लोक वैतागतात. पिन करता येतात तीनच मेसेज, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. इतिवृत्त वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिची लिंक ग्रुपच्या वर्णनात द्या. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा. संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेता येतं, फोटो-व्हिडिओंशिवाय ४०,००० मेसेजपर्यंत. दर तीन महिन्यांनी ते काढून ठेवावं. २०२५ मध्ये आलेली प्रगत गोपनीयतेची सोय चालू असेल तर हे निर्यात करणं अडतं, एवढं तपासा.

आणि ग्रुपवर टाकलेला खड्ड्याचा फोटो म्हणजे तक्रार नव्हे. ग्रुपमध्ये नगरसेवक किंवा अभियंता असला तरीही नव्हे. त्यानं हात जोडलेला इमोजी टाकला की सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं आणि घोंगडं भिजत पडतं. रीत अशी असावी: एका माणसानं अधिकृत मार्गानं तक्रार नोंदवायची, तिचा क्रमांक आणि तारीख ग्रुपवर टाकायची, पाठपुराव्याची पुढची तारीखही तिथेच लिहायची आणि काम झाल्यावर त्याच मेसेजला उत्तर देऊन ती बंद करायची. पुढच्या वेळी ग्रुपवर विश्वास ठेवावा की नाही, हे लोक या शेवटच्या पायरीवरून ठरवतात, आणि बहुतेक ठिकाणी तीच गाळलेली असते.

अफवांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२० पासून खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. त्यानंतर अशा मेसेजांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. पण वस्तीतली अफवा फॉरवर्डनं येत नाही, ती हातानं टाइप होते: 'एक संशयित फिरतोय.' नेक्स्टडोर या शेजारसेवेवर अशा पोस्टांतून वंशभेद होतो अशी टीका झाली. २०१६ मध्ये तिनं गुन्ह्याबद्दल लिहिण्याचा अर्जच बदलला. वंशाचा उल्लेख केला तर कपडे, केस, चपला अशा इतर खुणाही द्याव्या लागू लागल्या. हे आपल्याला नियमातून करता येतं. संशयिताबद्दल लिहिताना तो काय करत होता, कुठे आणि केव्हा, एवढंच. तो कोण 'वाटतो' ते लिहिलं तर मेसेज काढला जाईल. अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो.

पर्यायांत टेलिग्राम नोंदीच्या बाबतीत सरस आहे. ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं, विषयवार कप्पे, निनावी पोल आणि नव्यांना जुनं संभाषण दिसण्याची सोय मिळते. मात्र तिथले ग्रुप दोन्ही टोकांना कूटबद्ध नसतात. सिग्नल गोपनीयतेत पुढे आहे. तिथे हजार माणसांचा ग्रुप होतो आणि २०२४ पासून नंबर न दाखवता नावानं वावरता येतं, पण ते घ्यायला शेजाऱ्यांना लावणं हेच एक आंदोलन आहे. निर्णयांसाठी न्यूझीलंडमधल्या एका सहकारी संस्थेनं बनवलेलं लूमिओ खास आहे. त्यात सहमत, तटस्थ, असहमत आणि 'अडवतो' अशी भूमिका कारणासह नोंदवायची असते. पंधरावीस जणांच्या कार्यकारिणीला ते छान बसतं, पाचशे घरांना बसत नाही. मोठ्या समूहाचं मत जाणून घ्यायला पोलिस नावाचं मुक्त साधन आहे (खाकीवाल्यांशी त्याचा संबंध नाही). त्यात विधानांवर 'सहमत', 'असहमत' किंवा 'पुढे' (म्हणजे मत न देता पुढच्या विधानाकडे) एवढंच म्हणता येतं, कोणालाही प्रत्युत्तर देता येत नाही. त्यामुळे भांडायला जागाच उरत नाही आणि दोन्ही गटांना मान्य असलेली विधानं वर येतात. तैवाननं २०१५ मध्ये उबरच्या नियमांची चर्चा यावर घेतली होती.

मंडळानं व्हॉट्सअ‍ॅपच निवडलं, आणि बहुधा तेच निवडतील, तर महिन्याला तीन आकडे वहीत टिपावेत. वेगवेगळ्या किती माणसांनी किमान एक मेसेज लिहिला. मदतीच्या किती हाकांना दुसऱ्या गल्लीतल्या माणसानं उत्तर दिलं. आणि ग्रुपवरून ठरलेल्या कामाला प्रत्यक्ष किती जण आले. एकूण मेसेजांची संख्या मोजू नये, ती नेहमी वाढतच असते. पहिला आकडा घसरत असेल तर चारपाच बोलघेवडे ग्रुप चालवताहेत, त्यांना अ‍ॅडमिननं खासगीत आवरायला हवं. दुसरा शून्य असेल तर कामाचे आडवे ग्रुप नावापुरते आहेत. तिसरा सतत कमी आणि पहिला भरपूर असेल, तर उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. अशा वेळी महिनाभर फक्त घोषणा चालू ठेवून बाकी ग्रुप बंद करून बघावेत आणि तेवढ्या वेळात दारोदार फिरावं. पन्नास घरांना दोन माणसांना साधारण दोन संध्याकाळी लागतात.

एक शेवटची तांत्रिक काळजी. कम्युनिटी कोणाच्या वैयक्तिक नंबरवरून काढू नका. मंडळाच्या नावे एक सिम घ्या आणि ते सचिवाकडे ठेवा. पदबदलाच्या सभेत सिम, दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन आणि अ‍ॅडमिनांची यादी हिशेबाच्या वहीसोबत नव्या सचिवाकडे सोपवा आणि तसं इतिवृत्तात लिहा. रिचार्ज चुकला आणि नंबर बंद पडला तर मोबाइल कंपनी काही काळानं तो दुसऱ्या ग्राहकाला देते, म्हणून रिचार्जची तारीख खजिनदाराच्या यादीत घाला.